उपरोध नटाने दाखवायचा नसतो

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे हे उत्तर कशाचं आहे ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुमच्या गटाने रशियन लेखक गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' आणि नॉर्वेच्या इब्सेनचं 'अ डॉल्स हाउस' लागोपाठ वाचायला घेतलं. पहिल्या नाटकाच्या वाचनात सगळे पोट धरून हसले आणि शेवटी कुणीतरी म्हणालं, 'हा तर फार्स आहे, यात समाजावर टीका कुठेय?' दुसऱ्या नाटकाला कुणीच हसलं नाही, आणि तिथे उलटा प्रश्न आला: 'यात उपरोध कुठेय?' एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय नाटकांबद्दल काहीही वाचायला घेतलं की उपरोध आणि सामाजिक टीका हे शब्द जोडीनेच भेटतात. पण तालमीत ते धरायचे कुठे, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं नाटकं बसवतेय आणि त्यातली बरीच या काळातली आहेत. माझ्या मते दोन्ही नाटकांत उपरोध एकाच जागी आहे, आणि टीकाही तिथेच आहे. ती जागा सापडली की दोन्ही प्रश्न एकदम सुटतात.

आपल्याकडे 'उपरोध' हा एकच शब्द निरनिराळ्या गोष्टींना लावतात, घोळ तिथूनच सुरू होतो. तालमीला उशिरा आलेल्या नटाला मी 'या, फार लवकर आलात' म्हणते, तेव्हा मी उलटं बोलतेय हे मला माहीत असतं आणि त्यालाही. हे तिरकस बोलणं. लेखक एखाद्या पात्राला बावळट किंवा लोभी दाखवून त्याची टर उडवतो, तो उपहास. आणि तिसरी गोष्ट अशी, की पात्र अगदी सरळ, मनापासून बोलत असतं, त्याच्या मनात वाकडं काही नसतं. पण प्रेक्षकाला त्याच्यापेक्षा जास्त माहीत असतं, त्यामुळे ते सरळ वाक्य प्रेक्षागृहात पोचेपर्यंत उलटं होऊन जातं. गोगोल, ब्यूख्नर, इब्सेन, हाउप्टमान यांची खरी ताकद या तिसऱ्या प्रकारात आहे. आणि टीका कुठून येते? तो माणूस असलं वाक्य इतक्या निर्धास्तपणे बोलू शकतो, कारण त्याच्या भोवतीचे सगळे तसंच मानतात. त्याचा निर्धास्तपणा हाच समाजाविरुद्धचा पुरावा असतो.

गोगोलपासून सुरुवात करू. छोट्या गावात बातमी येते की राजधानीतून तपासणी अधिकारी वेश पालटून येतोय. गावचा मुख्य अधिकारी, त्याला आपण महापौर म्हणू, सगळ्या खातेप्रमुखांना घरी बोलावतो आणि कुठे काय झाकायचं ते सांगतो. पहिल्या अंकातली त्याची एक सूचना मी प्रत्येक नव्या बॅचला मोठ्याने वाचायला लावते. धर्मादाय दवाखान्याला जोडून एक चर्च बांधायचं होतं, पाच वर्षांपूर्वी पैसे मंजूर झाले होते. महापौर सांगतो: कुणी विचारलं तर बांधकाम सुरू झालं होतं पण जळालं, असं सांगायला विसरू नका, मी तसा अहवालही पाठवलाय. नाहीतर एखादा मूर्ख विसरून बोलून जायचा की ते सुरूच झालं नव्हतं.

या बोलण्यात विनोदी शब्द एकही नाही. हा माणूस गंमत करत नाहीये. तो एक अनुभवी प्रशासक आहे आणि सहकाऱ्यांना कामाची सूचना देतोय. त्याच्या लेखी खरा मूर्ख तो, जो चुकून खरं बोलेल. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाच्याही कपाळाला आठी पडत नाही, कारण प्रत्येकाचं एकेक न बांधलेलं चर्च आहे. न्यायाधीश लाच म्हणून शिकारी कुत्र्यांची पिल्लं घेतो आणि त्याला मनापासून वाटतं की पिल्लं म्हणजे काही लाच नव्हे. दवाखान्याचा प्रमुख म्हणतो, महागडी औषधं आम्ही वापरतच नाही. साधा माणूस, मरायचा असेल तर तसाही मरेल, बरा व्हायचा असेल तर तसाही होईल. पुढे तोच तपासणी अधिकाऱ्यापुढे बढाई मारतो की मी कारभार हाती घेतल्यापासून रोगी माश्यांसारखे बरे होतायत. रशियनमध्ये माणसं माश्यांसारखी मरतात असं म्हणतात. आपण किड्यामुंग्यांसारखी मरतात म्हणतो. म्हणून मी आमच्या प्रयोगात ते वाक्य 'रोगी नुसते किड्यामुंग्यांसारखे बरे होतायत साहेब' असं करून घेतलं. बोलणाऱ्याला काहीच खटकत नाही. प्रेक्षकाला त्या एका वाक्यात अख्खा दवाखाना दिसतो.

चौथ्या अंकात एका शिपाईगड्याची बायको तक्रार घेऊन येते: महापौराने मला विनाकारण फटके मारवले. महापौर धावत येतो आणि शपथेवर सांगतो, ती खोटं बोलतेय, तिने स्वतःच स्वतःला फटके मारून घेतले. हे वाक्य रशियन भाषेत म्हणीसारखं वापरलं जातं. या वाक्यावर नटाने डोळा बारीक केला, आवाजात जरा खट्याळपणा आणला, की सगळं संपलं. ते त्याने घामाघूम होऊन, पोटतिडकीने बोललं पाहिजे, जसं एखादा निरपराध माणूस बोलेल.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, चुकून शिकले. पहिल्यांदा हे नाटक बसवलं तेव्हा नटांना मोकळं सोडलं होतं. प्रत्येकाने आपापली लकब शोधली, कुणी तोतरं, कुणी लंगडतंय, महापौराने पोटाला उशी बांधली. पहिल्या मिनिटापासून हशा वसूल होत होता आणि मी विंगेत खुश होते. शेवट आला. पोस्टमास्तर फोडलेलं पत्र वाचतो, ज्याला साहेब समजलो तो उधळ्या पोरगा निघाला हे कळतं, आणि लगेच शिपाई येऊन सांगतो की खरा तपासणी अधिकारी आलाय, तुम्हाला बोलावतोय. सगळे जागच्या जागी थिजतात. गोगोलने इथे रंगसूचना दिली आहे: जवळजवळ दीड मिनिट ही मंडळी दगडासारखी उभी राहतात, मग पडदा. आमच्या प्रयोगात दहाव्या सेकंदाला टाळ्या पडल्या, मी पडदा टाकायला लावला. बाहेर पडताना एक गृहस्थ म्हणाले, 'मस्त, दोन तास कसे गेले कळलं नाही.' त्या वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. गावभरच्या अन्यायाचं नाटक पाहून माणूस इतका हलका होऊन घरी जात असेल, तर चूक माझी होती.

काही वर्षांनी तेच नाटक पुन्हा घेतलं. तोवर गोगोलची नटांसाठीची टिपणं वाचली होती. त्यात तो स्वच्छ म्हणतो की नट हसवण्याचा विचार जितका कमी करेल, तितकं त्याच्या भूमिकेतलं हास्यास्पद जास्त उघडं पडेल. ही त्याची तक्रार पहिल्या प्रयोगापासूनची होती. तो प्रयोग १८३६ साली जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १९ एप्रिलला सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांद्रिन्स्की रंगमंदिरात झाला. खुद्द झार निकोलस पहिला हजर होता आणि हसलाही. पण ख्लेस्ताकोव, म्हणजे तो चुकून साहेब ठरलेला पोरगा, नटाने सराईत लफंग्यासारखा उभा केला, आणि गोगोल खचला. त्याच्या लेखी ख्लेस्ताकोव ठकवायला आलेलाच नव्हता. तो उपाशी आहे, खानावळीचं बिल थकलंय, लोक अचानक पैसे आणि मान द्यायला लागतात आणि हा बोलत सुटतो. मेजवानीला सातशे रूबलचं कलिंगड, पॅरिसहून आगबोटीने थेट पातेल्यात आलेलं सूप, मला बोलवायला रस्त्यात पस्तीस हजार हरकारे. बोलताना त्याचं स्वतःचंच भान हरपतं आणि ते सगळं त्याला खरं वाटायला लागतं. गोगोल म्हणतो, ही त्याच्या आयुष्यातली सर्वांत काव्यमय घटका आहे. त्याच वर्षी जूनमध्ये गोगोल देश सोडून गेला.

दुसऱ्या वेळी मी महापौराचं काम करणाऱ्याला एवढंच सांगितलं: तू एक कष्टाळू माणूस आहेस, खालून वर आलायस, मुलीचं लग्न जमवायचंय आणि तीस वर्षांची नोकरी आज बुडायची आहे. उशी काढून टाकली. हशा आला, पण पहिल्यासारखा सरसकट नाही, तुटक तुटक आला. शेवटचा प्रवेश मी घड्याळ लावून नव्वद सेकंद धरला. पहिली वीस सेकंदं लोक हसले. मग खोकले सुरू झाले. मग खुर्च्या करकरल्या. साठाव्या सेकंदाला प्रेक्षागृहात इतकी शांतता होती की दिव्यांची घरघर ऐकू येत होती. थिजलेले ते लोक समोर बघत होते, म्हणजे प्रेक्षकांकडे. रशियन दिग्दर्शक मेयरहोल्डने १९२६ मध्ये मॉस्कोत या प्रवेशात नटांच्या जागी माणसाएवढे पुतळे उभे केले होते. त्याने असं का केलं असेल, ते मला त्या नव्वद सेकंदांत समजलं.

बॉबचिन्स्कीबद्दल सांगितल्याशिवाय गोगोल सोडवत नाही. गावातला एक किरकोळ जमीनदार. सगळे साहेबाला पैसे चारतात, याच्याकडे फारसे नाहीत. त्याची एकच विनंती आहे: राजधानीत गेलात की मोठमोठ्या लोकांना, जमलं तर सम्राटांनाही सांगा, की अमुक गावात प्योत्र इवानोविच बॉबचिन्स्की नावाचा माणूस राहतो. बस, इतकंच. तालमीत नट ही विनंती खुळचटपणे करायचा. मी म्हटलं, तुझ्या आजोबांचं नाव कुठल्या कागदावर आहे का शोधून ये. तो गेला, नाही सापडलं. त्यानंतर त्याने ते वाक्य जसं म्हटलं, तसं मी पुन्हा कुणाकडून ऐकलं नाही. ज्या राज्यात माणसाला आपण जगतोय याची नोंद वर कुठेतरी हवी असते, त्या राज्यावर याहून मोठी टीका मला ठाऊक नाही.

गोगोलचं नाटक रंगमंचावर आलं त्याच वर्षी जर्मन भाषेत गेओर्ग ब्यूख्नर 'वॉयझेक' लिहीत होता. १८३७ च्या फेब्रुवारीत तो तेविसाव्या वर्षी गेला, नाटक अपुरं राहिलं, आणि त्याचा पहिला प्रयोग व्हायला १९१३ साल उजाडलं. त्यातला एकच प्रवेश सांगते. वॉयझेक हा गरीब शिपाई आपल्या कॅप्टनची दाढी करतोय. कॅप्टन खुर्चीत आरामात रेलून त्याला उपदेश करतो: तुझ्यात नीती नाही, लग्नाशिवाय तुला मूल झालंय. नीती म्हणजे काय? तर माणूस नीतीने वागतो ती. वॉयझेक शांतपणे म्हणतो, आम्ही गरीब माणसं साहेब, पैसा लागतो. मी टोपीवाला, घड्याळवाला सभ्य गृहस्थ असतो तर मीही नीतिमान झालो असतो. आम्ही स्वर्गात गेलो तरी तिथे आम्हाला ढग गडगडवायलाच लावतील. वस्तरा कुणाच्या हातात आहे आणि मान कुणाची आहे ते बघा, आणि उपदेश कोण करतंय तेही. हे दाखवायला नटाला वेगळं काही करावं लागत नाही. फक्त दाढी खरी करावी लागते, साबणासकट.

आता इब्सेन. त्याने तरुणपणी, १८५१ ते १८५७, बर्गनच्या नाट्यगृहात काम केलं, आणि तिथे फ्रेंच नाटककार स्क्रिबच्या पठडीतली पुष्कळ नाटकं चालायची. कुणाचं तरी गुपित, फिरतं पत्र, नेमक्या वेळी उघडणारं दार, शेवटी उलगडा आणि सगळं आलबेल. इब्सेनने हे सगळं सामान उचललं. 'डॉल्स हाउस'मध्ये गुपित आहे, कर्जरोखा आहे, काचेच्या पेटीत दिसणारं पत्र आहे. फरक शेवटी पडतो. स्क्रिबचं नाटक जिथे आटोपतं, म्हणजे पत्र परत येतं आणि संकट टळतं, तिथून इब्सेनचं नाटक खरं सुरू होतं.

कथा तुम्हाला माहीत आहे, तरी उपरोधाच्या जागा बघण्यापुरती आठवू. नवरा टोरवाल्ड आजारी होता, हवापालटासाठी इटलीला नेलं नाही तर जगणार नव्हता. नोराने त्याला न सांगता कर्ज काढलं. तेव्हा नॉर्वेत लग्न झालेली बाई नवऱ्याच्या संमतीशिवाय कर्ज काढू शकत नव्हती. विवाहित स्त्रीला कायद्याने सज्ञान मानलं गेलं ते १८८८ मध्ये, म्हणजे नाटकानंतर नऊ वर्षांनी. म्हणून वडिलांची जामीन म्हणून सही हवी होती. वडील मरणपंथाला लागलेले, त्यांना कशाला त्रास, म्हणून तिने त्यांची सही स्वतःच केली. वडील वारले २९ सप्टेंबरला आणि सहीखाली तारीख आहे २ ऑक्टोबर. इतका साधा पुरावा! सावकार क्रोगस्टाड तिला तारीख दाखवतो तेव्हा ती गोंधळते, कारण तिच्या हिशेबी तिने दोन माणसांचं भलं केलं होतं. कायदा हेतू विचारत नाही, तो म्हणतो. मग तो कायदाच वाईट असला पाहिजे, ती म्हणते.

आता पहिल्या अंकाच्या अगदी सुरुवातीला जा. नाताळची खरेदी करून नोरा घरी आलीय, थोडे पैसे उसने घेऊ म्हणते, आणि टोरवाल्ड तिला प्रेमाने समजावतो: कर्ज नाही, उसनं कधीही नाही, उसनवारीवर उभ्या असलेल्या घरात काहीतरी मिंधेपण येतं, काहीतरी कुरूप येतं. हे बोलणारा माणूस श्वास घेतोय तोच कर्जाच्या पैशावर. पहिल्यांदा नाटक बघणाऱ्याला हे अजून ठाऊक नसतं, वाक्य सरळ निघून जातं. दहा-पंधरा मिनिटांनी नोरा मैत्रिणीला गुपित सांगते आणि ते वाक्य मागे फिरून येतं. तुम्ही विचारलंत ना उपरोध कुठेय? तो असा उशिरा फुटणारा आहे. गोगोल वाक्याबरोबरच हसवतो, इब्सेन आधी पेरतो. त्याच अंकाच्या शेवटी टोरवाल्ड क्रोगस्टाडबद्दल बोलताना सांगतो की लहान वयात बिघडलेल्या बहुतेकांच्या आया खोटारड्या असतात, खोटेपणा घराच्या हवेत विषासारखा पसरतो. नोरा त्याच्याजवळ उभी आहे. तो तिचा हात हातात घेऊन बोलतोय. मग दाई सांगायला येते की मुलांना आईजवळ यायचंय. ती त्यांना आत येऊ देत नाही.

तिसरा अंक. टोरवाल्ड क्रोगस्टाडचं पत्र वाचतो आणि नोरावर तुटून पडतो: तू ढोंगी, खोटारडी, माझं आयुष्य धुळीला मिळवलंस, मुलं तुझ्या हाती देणार नाही, पण लोकांसाठी घर जसंच्या तसं दिसलं पाहिजे. तेवढ्यात मोलकरीण नोराच्या नावाचं दुसरं पत्र आणते. टोरवाल्ड ते तिच्या हातातून हिसकावून घेतो. कर्जरोखा परत आलाय. आणि तो ओरडतो:

'मी वाचलो! नोरा, मी वाचलो!'

'आणि मी?'

'तूही, अर्थातच.'

हे वाचन मी नेहमी दोनदा घेते. पहिल्यांदा सगळे टोरवाल्ड 'मी वाचलो' वर जोर देतात, त्याचा स्वार्थ दाखवायला. चूक. तो स्वार्थ दाखवत नाहीये, त्याला खरंच हायसं वाटलंय, आनंदाने रडू येतंय. 'मी' हा शब्द त्याच्या लक्षातही आलेला नाही. 'तूही, अर्थातच' हे तो खरोखर प्रेमाने म्हणतो, कारण नवरा वाचला की बायको वाचली, हे त्याला घरात, चर्चमध्ये, कायद्याच्या पुस्तकात शिकवलेलंच आहे. नटाने एकदा हे पकडलं की नोराचे ते दोन शब्द, 'आणि मी', सुरीसारखे लागतात. आमच्या एका प्रयोगात दुसऱ्या रांगेतल्या एक आजी या जागी मोठ्याने 'हं' म्हणाल्या होत्या. तेवढाच आवाज, पण अख्ख्या रांगेने ऐकला. कुणी हसलं नाही म्हणून उपरोध नाही असं तुमच्या गटाला वाटलं; या उपरोधावर हसू येत नाही, घसा आवळतो.

हे नाटक ४ डिसेंबर १८७९ ला छापून आलं आणि आठ हजार प्रतींची पहिली आवृत्ती महिन्याभरात संपली. २१ डिसेंबरला कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. पुढे जर्मनीतल्या एका नामवंत नटीने सांगितलं, मी स्वतः मुलांना सोडून कधीच गेले नसते, म्हणून हा शेवट करणार नाही. इब्सेनच्या लेखनाला तिथे कायद्याचं संरक्षण नव्हतं, कुणीही येऊन शेवट बदलला असता. म्हणून त्याने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला: टोरवाल्ड नोराला झोपलेल्या मुलांच्या दाराशी नेतो आणि ती तिथेच खाली बसते. देताना त्याने स्पष्ट म्हटलं की हा नाटकावर केलेला रानटी अत्याचार आहे. आपल्याच पात्राला लेखकाने असं परत घरात ढकलावं लागणं, हे मला फार क्लेश देणारं वाटतं. आणि नाटकाचं म्हणणं किती खरं होतं हेही त्यातून कळतं.

'गोस्ट्स' (१८८१) बद्दल एकच गोष्ट. कॅप्टन आल्विंग व्यसनी, बाहेरख्याली माणूस होता. त्याची विधवा हे झाकून त्याच्या नावाने अनाथाश्रम बांधते. पाद्री मँडर्स सल्ला देतो की इमारतीचा विमा उतरवू नका, नाहीतर लोक म्हणतील यांचा देवावर भरवसा नाही. त्याला देवाचं नव्हे, लोकांचं भय आहे, पण ते त्याला स्वतःला समजत नाही. आश्रम जळून खाक होतो. मग एन्ग्स्ट्रांड नावाचा लबाड सुतार पाद्र्याच्या वाट्याची बदनामी आपल्या अंगावर घ्यायला तयार होतो आणि त्या बदल्यात खलाशांसाठी एक 'घर' काढायला पाठिंबा मिळवतो. ते घर म्हणजे काय असणार हे प्रेक्षक ओळखून असतो. त्या घराचं नाव ठरतं: कॅप्टन आल्विंगचं घर. बाईंनी वर्षानुवर्षं धडपडून जे खोटं स्मारक उभारलं ते गेलं, आणि नवऱ्याला शोभेलसं खरं स्मारक आपोआप झालं. युरोपातल्या नाट्यगृहांनी हे नाटक नाकारलं. पहिला प्रयोग १८८२ मध्ये शिकागोत झाला.

इब्सेनबद्दल माझा आदर ज्यामुळे दुणावला ते मात्र 'द वाइल्ड डक' (१८८४). 'अॅन एनिमी ऑफ द पीपल'मध्ये (१८८२) त्याने सत्य सांगणाऱ्या डॉक्टरला नायक केलं होतं. दोनच वर्षांनी त्याने ग्रेगर्स उभा केला, सत्याचं वेड घेतलेला माणूस, जो मित्राच्या घरातलं खोटं उघडं करायला निघतो आणि त्यात चौदा वर्षांच्या हेडविगचा जीव जातो. ग्रेगर्सही अगदी प्रामाणिक आहे. म्हणजे ज्या मोजपट्टीने इब्सेनने टोरवाल्डला मोजलं, तीच त्याने सुधारकालाही लावली. तुमच्या गटातल्या कुणी 'समाजावर टीका' करायची म्हणून नाटक निवडलं असेल, तर त्याने हे आधी वाचावं.

जर्मन नाटककार हाउप्टमानचं 'द वीव्हर्स' १८४४ च्या सायलेशियातल्या विणकरांच्या उठावावर आहे. पहिल्या अंकात कारखानदाराच्या कचेरीत विणकर कापड घेऊन रांगेत उभे असतात आणि एक लहान मुलगा उपासाने कोसळतो. कारखानदार हळहळतो. मग रागावतो: एवढ्याशा पोराला ओझं देऊन पाठवणारे आईबाप कसले निर्दयी! आणि थोड्याच वेळात जाहीर करतो की तो आणखी दोनशे विणकरांना काम देणार आहे, अर्थात कमी दराने. त्याच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे. नटाने ते खोटं केलं की तो खलनायक होतो आणि प्रेक्षक सुटतो. बर्लिन पोलिसांनी या नाटकाच्या जाहीर प्रयोगाला बंदी घातली. पुढे न्यायालयाने ती उठवली, त्याचं एक कारण असं दिलं की त्या नाट्यगृहाची तिकिटं महाग आहेत, त्यामुळे दंगा करतील असे लोक तिथे येणारच नाहीत. १८९४ मध्ये जाहीर प्रयोग झाला आणि कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, आपला राखीव बॉक्स सोडून दिला. न्यायाधीशांनी ते कारण पूर्ण गांभीर्याने लिहिलं होतं. हाउप्टमानच्या कारखानदाराने ते निकालपत्र सही करून आपलं म्हणून दिलं असतं.

आपल्या रंगभूमीशी याचा संबंध जुना आहे. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' केलं, ते इब्सेनचा समकालीन नॉर्वेजियन लेखक ब्योर्नसन याच्या १८८३ च्या नाटकावरून. तिथेही मुद्दा तोच, पुरुषाला एक नीती आणि बाईला दुसरी का? इब्सेननेही 'डॉल्स हाउस'च्या १८७८ सालच्या टिपणात पहिलं वाक्य जवळपास हेच लिहिलं होतं: दोन प्रकारच्या सदसद्विवेकबुद्धी असतात, एक पुरुषाची आणि एक बाईची. आणि गोगोलचं नाटक पु. ल. देशपांड्यांनी 'अंमलदार' म्हणून मराठीत आणलं, १९५२ मध्ये. तुम्ही प्रयोग मराठी वेशात करणार असाल तर तो वाचाच. मात्र रूपांतर करताना आजच्या पुढाऱ्यांची नावं, आजच्या घोटाळ्यांचे उल्लेख घालायचा मोह होईल. घालू नका, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. तसा उल्लेख आला की टाळी पडते, आणि प्रेक्षक त्या पुढाऱ्याला हसून मोकळा होतो. न बांधलेलं चर्च जर फक्त त्याचं असलं, तर आपलं कुठेय हे शोधायची गरज उरत नाही.

तालमीला बसताना एक करून बघा. संहितेत प्रत्येकाने आपल्या पात्राची अशी वाक्यं पेन्सिलने अधोरेखित करायची, जी बोलताना पात्राला आपण चांगला माणूस आहोत असं सर्वांत जास्त वाटतं. महापौराची, कारखानदाराची, पाद्र्याची, टोरवाल्डची. मग ती वाक्यं आपण घरी, ऑफिसात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ज्या सुरात बोलतो त्या सुरात म्हणून बघायची, चेहऱ्यावर काहीही न आणता. आमच्या एका नटाला टोरवाल्डच्या उसनवारीच्या भाषणात आपल्या वडिलांचा आवाज ऐकू आला आणि तो त्या दिवशी पुढे वाचू शकला नाही.

आणि पात्रनिवडीचं: टोरवाल्डचं काम तुमच्या गटातल्या सर्वांत सज्जन, सगळ्यांना आवडणाऱ्या मुलाला द्या. महापौरही असाच कुणीतरी हवा, ज्याच्या हाती तुम्ही गटाची पैशांची पेटी निर्धास्तपणे द्याल.